न पुसलेली फरशी

मोठ्या मॅडमच्या थिएटरमध्ये ऑपरेशन चालू असताना फरशी पुसायला सक्त मनाई होती. खामगावातलं त्यांचं हॉस्पिटल एरवी लख्ख असायचं. पण गर्भाशयात दुर्बीण घातली की त्या दटावायच्या, "मावशी, सांडलेल्या पाण्याला हात लावाल तर बघा!"

मी नर्सिंगची पदवी घेऊन तिथे लागले. आमच्या घरातली ती पहिली पदवी. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते. मॅडमनी मला समोर बसवून शिकवलं. आतलं दिसावं म्हणून गर्भाशय औषधी पाण्यानं फुगवतात. सोडलेलं पाणी परत यायला हवं. बाटलीत जमलेलं मोजायचं, टेबलाखाली अंथरलेल्या पंच्यात मुरलेलंही वजनकाट्यावर घालायचं. जे कुठेच सापडत नाही, ते बाईच्या रक्तात गेलं. मग फुप्फुसं भरतात, मेंदूला सूज येते.

"वंदना, तू 'थांबा' म्हटलंस की मी थांबणार. तिथे मोठी तू."

हमालाच्या मुलीला असं कोणी म्हटलं नव्हतं. आणि त्या खरंच थांबायच्या. एकदा अर्धी गाठ तशीच ठेवून हसत म्हणाल्या, "उरलेली पुढच्या महिन्यात काढू. गाठ काय पळून जाते?"

मग वडनेर भोलजीची कमलबाई आली. त्या वर्षी बीटी कपाशीवरही बोंडअळी पडली होती. हाती लागेल तो कापूस आधी वेचायचा म्हणून तिनं अंगावरून जाणं कितीतरी दिवस सोसलं होतं. कमरेत भूल दिलेली, त्यामुळे ती टेबलावर जागी होती, बोलत होती. "मॅडम, बोंडातून कापूस काढतात तशी काढा बरं गाठ. मांगं काही ठेवू नका."

न सापडलेल्या पाण्याचा हिशेब मर्यादेपलीकडे गेला. मी म्हटलं, "मॅडम, थांबा."

"एवढासा तुकडा राहिलाय. पाणी खाली सांडलं असेल."

मी वाकून पंचा चाचपला. "मॅडम, पंचा कोरडा आहे. थांबा."

त्या थांबल्या नाहीत. थोड्या वेळानं कमलबाई जड जिभेनं बरळली, "पाणी येऊन राह्यलं काय वो? कापूस झाका ना..." तेव्हा कुठे मॅडमचा हात थांबला. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तिला सावरलं आणि गाडीतून अकोल्याला नेलं. ती वाचली.

गाडी निघण्याआधी तिच्या नवऱ्यानं पॅसेजमध्ये विचारलं, "अशी काऊन झाली मॅडम? चांगली बोलत होती ना!"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सिस्टर नवीन आहे. तिनं सांगायला उशीर केला."

मी शेजारीच उभी होते. संध्याकाळी त्यांनी केबिनमध्ये माझ्यासाठी चहा मागवला. "तुझं काय, तू तरुण आहेस. लोक विसरतील."

लोक विसरले नाहीत. कापूस घेऊन आलेल्या कुणीतरी बाबांना जिनिंगमध्येच टोमणा मारला, "पोरगी शिकवली, पण पाणी मोजता येत नाही तिले." बाबांनी घरी येऊन एवढंच विचारलं, "तू सांगतलं होतं का, माय?"

"हाव बाबा. दोनदा."

ते जेवायला बसले. मी नोकरी सोडली.

आज दुसऱ्या गावच्या थिएटरमध्ये मीही फरशी पुसू देत नाही. नव्या मुलींना मॅडमच्याच शब्दांत शिकवते. दुसरे शब्द मला येत नाहीत.

मागे एका लग्नात मॅडम भेटल्या. थकल्या होत्या. माझा हात धरून त्यांनी शेजारच्या बायकांना कौतुकानं सांगितलं, "ही माझ्या हाताखाली शिकली. हिच्या नजरेतून पाण्याचा थेंब सुटायचा नाही."

हेच तुम्ही त्या दिवशी पॅसेजमध्ये बोलायचं होतं, मॅडम.