दत्तूची जाड तारांची गिटार

दत्तू गेला, हे मला 'दत्तू गेला' अशा शब्दांत कुणी सांगितलंच नाही. भोरच्या स्टँडसमोर मी औषधं घेत होतो. दुकानदार शेजारच्या माणसाला म्हणाला, हिर्डोशीचे बहिरेआबा गेले, काल माती झाली. मी पिशवी उचलून बाहेर पडलो, थोडं चाललो आणि मग ध्यानात आलं, दत्तू गेला... दोन दिवसांनी चौकात फ्लेक्स लागला. फेटा बांधलेल्या दत्तूचा फोटो, खाली पूर्ण नाव आणि नावापुढे कंसात 'बहिरेआबा'. त्याच्या मुलाला, किसनला, मी फोनवर विचारलं, हे कंसातलं कशाला घातलंस रे? तो सरळपणे म्हणाला, नुसतं दत्तात्रय लिहिलं असतं तर कोण गेलं ते लोकांना कळलं असतं का? त्याचं बरोबरच होतं. साठ-पासष्ट वर्षं आमच्या भागात दत्तू नावाचा माणूस उरलाच नव्हता. ते नाव एका संध्याकाळी पुसलं गेलं. त्या संध्याकाळची जी हकीकत सगळ्यांना ठाऊक आहे ती मी पसरवलेली आहे, आणि ती खोटी आहे. मी नव्वदी ओलांडली. आता दुरुस्त केली नाही, तर माझ्यामागे तीच खरी म्हणून राहील.

संस्थान विलीन होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. भोरच्या बाजारात आमचं सायकलचं दुकान होतं, आणि पलीकडच्या कापडदुकानाचे मालक अण्णा यांचा मेळा होता. गणपतीत गाणी आणि नकला करायच्या, गणपती सरले की आसपासच्या जत्रांना जायचं. दत्तू त्यात तुणतुणं वाजवायचा. हिर्डोशीहून गाडी मिळाली तर गाडीनं, नाही तर पायी यायचा. अंगानं काटक आणि जिभेनं तिखट. माझं नाव मधू, पण तो मला कायम 'सायकलवाल्या' म्हणायचा. त्या वर्षी त्याचं तुणतुणं बिघडायला लागलं. तुणतुण्याचा सूर गाण्याला सोडून भलतीकडेच जायचा आणि हा मजेत वाजवत राहायचा. अण्णांनी त्याला दोनदा सगळ्यांदेखत झापलं होतं.

त्याच सुमाराला मी एकदा सायकलवरून येत असताना दत्तू पुढं रस्त्याच्या मधोमध चाललेला दिसला. मी घंटी वाजवत राहिलो, पण तो बाजूला होईना. शेवटी हँडल त्याच्या खांद्याला घासलं आणि दोघंही शेतात पडलो. त्यानं मला शिव्या घातल्या, मी त्याला घातल्या. पण माझ्या मनात काहीतरी राहिलं. दुकानात आल्यावर मी त्याच्या मागं उभा राहून नवी घंटी वाजवली. एकदा, मग जोरात. तो समोरच्या टायरकडे बघत बसला होता. मग समोरच्या माणसाची नजर पाहून तो वळला, त्यानं माझा हात धरला आणि मला दुकानाच्या मागं नेलं. म्हणाला, लहानपणी मोठा ताप आला होता, तेव्हापासून बारीक आवाज एकेक करून जात चाललेत. बायकोच्या बांगड्या गेल्या, कोकीळ गेली. मागच्या पावसाळ्यात पोरगी पाळण्यात रडून रडून निळी पडली आणि हा तिला पाठ करून दोरी वळत बसला होता. जाड आवाज मात्र शाबूत होते. घाट चढणारी एसटी, म्हैस, ढोल... ते त्याला छातीत ऐकू यायचे. समोर बसलेल्या माणसाचं बोलणं तो ओठांवरून ओळखायचा, आणि ते इतकं सफाईनं की मला कधी शंका आली नव्हती.

"कुनाला बोलू नगंस, मधू," तो म्हणाला. त्यानं मला नावानं हाक मारल्याची ती पहिलीच वेळ. "मेळ्यात बसतोय तवर म्या दत्तू हाय. ह्ये कळलं की त्या दिसापासनं म्या बहिरा. आमच्यात लंगड्याला लंगडाच म्हनत्यात आन् काण्याला काणाच, त्याचं नाव काय व्हतं ते त्याच्या आयशीलाबी आठवत न्हाई."

मी कुणाला बोललो नाही. शब्द असा मी पाळला, हे आधी सांगून ठेवतो. कारण पुढं जे केलं त्यात मी तोंड उघडलंच नाही.

गिटार आम्हाला पुण्यात जुन्या बाजारात मिळाली. मी बेअरिंगं शोधायला गेलो होतो, दत्तू सोबत आला होता. एका पथारीवर पोट फुटलेली गिटार पडलेली होती, तिला एकच तार उरली होती, सगळ्यात जाड. दत्तूनं ती उचलली, तार छेडली आणि दांड्यावर हनुवटी टेकवली. पथारीवाला हसला. दत्तू हसला नाही. डोळे मिटून त्यानं पुन्हा तार छेडली आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. परतताना एसटीत त्यानं मला सांगितलं, हाडातून येतंय मधू, स्वच्छ येतंय, फक्त अजून जाड पाहिजे. त्याच बाजारातून मी लष्करी भंगारातले कानाला लावायचे फोन घेतले, त्यातल्या चुंबकासाठी आणि बारीक तारेसाठी.

भात झोडून झाल्यावर हिर्डोशीला त्याच्या पडवीत काम सुरू झालं. मी दुकान बंद असेल त्या दिवशी जायचो. आम्ही आधी फुटक्या पोटाला पातळ फळी लावून पाहिली, पण माझ्या बॅटरीवरच्या जुन्या रेडिओला जोडून आवाज मोठा केला की ती पोकळ पेटी आपोआप कोकलायला लागायची. शेवटी दत्तूनं पोट काढूनच टाकलं आणि पडलेल्या फणसाची एक जाडजूड फळी तासून त्यावर गिटारीचा दांडा बसवला. तारांचं काम सगळ्यात अवघड होतं. एवढी जाड तार कुठं मिळणार? आमच्या दुकानातली ब्रेकची तार घेतली आणि सायकल उलटी उभी केली. तारेचं एक टोक मागच्या चाकाच्या मधोमध अडकवलं, दुसरं दत्तूनं बोटात ताणून धरलं. मी पायडल हातानं सावकाश फिरवायचो आणि तो जळक्या मोटारीतली तांब्याची तार तिच्यावर वेढ्याला वेढा लावत जायचा. वेढा सुटला की पहिल्यापासून. त्याची बायको सरूवहिनी दारातून बघायची. एकदा म्हणाली, दोन बाप्ये मिळून सूत कातायला लागले, आता बायकांनी नांगर धरायचा का? जुन्या खुंट्यांना तो ताण सोसेना म्हणून बाभळीच्या नव्या आल्या, दांड्यावरच्या पट्ट्या झिजल्या होत्या तिथं स्पोक ठोकून, चपटे करून बसवले. तारांची थरथर पकडणारी, चुंबकाभोवतीची गुंडाळी मी केली. त्याच रेडिओला ती जोडली. लाउडस्पीकरच्या भोंग्यातून तो खर्ज येईचना, नुसता खोकल्यासारखा आवाज यायचा. म्हणून रेडिओचा स्पीकर काढून चहाच्या रिकाम्या खोक्यात बसवला... आणि मग पडवीतली भांडी फडताळात थरथरली.

फळीचं एक टोक दत्तूनं मुद्दाम वर, हनुवटीपर्यंत वाढवलं होतं. ते कशासाठी, हे मला आणि त्यालाच माहीत. तालमीला अण्णांनी विचारलं, हे शिंग कशाला काढलंयस रे? दत्तू म्हणाला, "रेडा हाय अण्णा. रेड्याला शिंग नगं व्हय?" तेव्हापासून त्या वाद्याला सगळे रेडा म्हणायला लागले. त्या गणपतीत रेड्यानं भोर हलवलं. बायका म्हणायच्या, गाणं पोटात वाजतंय. दत्तू खुर्चीवर बसायचा, हनुवटी त्या शिंगावर ठेवायचा, डोळे मिटायचा, आणि एकदाही चुकायचा नाही. जो माणूस तुणतुण्यावर रोज शिव्या खायचा, त्याच्यासाठी अण्णा आता दूध मागवायचे. आवाज वाढव, मागच्या लोकांपर्यंत जाऊ दे, अशी खूण मात्र तो मला सारखी करायचा. मी गायकांच्या मागं, चहाच्या खोक्याशेजारी, रेडिओचं बटण धरून बसलेला. लोकांना मी दिसायचो नाही, आणि दिसलो तरी काय करतोय ते कळायचं नाही.

मला ते झोंबायला लागलं होतं. हे आज लिहिताना बारीक वाटतं, तेव्हा बारीक नव्हतं. गुंडाळी माझी, रेडिओ माझा, ब्रेकच्या तारा माझ्या दुकानातल्या, आणि गावोगावी नाव दत्तूचं.

राजगडाच्या पायथ्याला गुंजवण्याच्या बाजूला एका गावच्या जत्रेत आम्ही गेलो होतो. दिवस कलायला आला होता, मैदान भरलं होतं. गावच्या पाटलांनी दत्तूला फेटा बांधला. मग माझ्याकडे बोट करून विचारलं, हे कोण पाहुणे? दत्तू पाटलांच्या ओठांकडे बघत होता. तो हसून म्हणाला, "ह्यो? ह्यो बटनं फिरिवतो."

लोक हसले. पुढच्या रांगेतले, मेळ्यातले, अण्णासुद्धा. त्यानं ते टोमणा म्हणून म्हटलं की नुसतंच सांगितलं, हे मला आजही ठरवता येत नाही. त्याच्या सगळ्याच बोलण्याला तसं टोक असायचं.

दुसरं गाणं सुरू झालं आणि मी बटण फिरवलं. पार शेवटपर्यंत. आजवर मी सांगत आलो की रेडिओला जोडलेली तार निघाली. तार निघाली नव्हती. मी बंद केलं. माझ्या मनात एवढंच होतं की तो दचकेल, वळून बघेल आणि मेळा कोणाच्या हातात आहे ते त्याला कळेल. पण तो वळला नाही. हनुवटी लाकडावर होती, बोटं तारांवर होती. त्याच्या हाडांतून गाणं तसंच चाललेलं होतं. हाडातला आवाज इतका जवळचा होता की बाहेरचा बंद पडलाय हे त्याला कळायला काही मार्गच नव्हता. हे माझ्या लक्षात आलं तेव्हाही बटण परत फिरवता आलं असतं... मी फिरवलं नाही. गायक गोंधळून थांबले. बाजाची पेटी थांबली. दत्तू एकटा वाजवत राहिला. मान डोलावत, डोळे मिटून, संपूर्ण गाणं, मुक्या फळीवर. आधी शांतता झाली, मग कुठूनतरी हसू फुटलं, आणि मागून एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "आरं, ह्यो तर बहिरा हाय."

दत्तूनं डोळे उघडले तेव्हा सगळं मैदान हसत होतं. त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मी रेडिओच्या मागं वाकलो आणि ओरडलो, तार निघाली, तार निघाली. मी काय ओरडतोय ते त्याला दिसत होतं.

परत येताना अण्णा त्याच्याशी गोड बोलले आणि पुढच्या जत्रेला त्याला निरोप गेलाच नाही. काही दिवसांनी तो दुकानात आला. रेडिओ, स्पीकर आणि ती गुंडाळी गोणपाटात बांधून आणली होती. माझ्यासमोर ठेवली. म्हणाला, "समदं जोड तपासलं म्या. एकबी सुटल्यालं न्हाई." मी काहीतरी सांगायला लागलो. त्यानं माझ्या तोंडाकडे न बघता मान फिरवली. ऐकायचं नसेल तर त्याला एवढंच करावं लागायचं. लोक म्हणतात त्यानं रागानं रेडा फोडला. खोटं आहे. फणसाच्या फळीवर सरूवहिनी पुढं कित्येक वर्षं पाण्याच्या घागरी ठेवत होत्या, मी पाहिल्या आहेत.

आणि मी काय केलं? मी तो किस्सा सांगत राहिलो. आधी स्वतःला वाचवायला, मग लोक हसायचे म्हणून. तार निघाली आणि बहिऱ्या वाजवतोय... याची नक्कल मला छान जमायची. अण्णा वारल्यावर मेळ्याच्या जुन्या लोकांचा सत्कार झाला, तिथंही मी भाषणात तो सांगितला. सभागृह हसून लोटपोट झालं. दत्तू पहिल्या रांगेत बसला होता. शेजारच्यांना वाटलं, बिचाऱ्याला काही ऐकू येत नाही. तो माझ्या ओठांकडे बघत होता, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत. मग सगळ्यांबरोबर त्यानंही टाळ्या वाजवल्या.

दहावा झाल्यावर मी हिर्डोशीला गेलो. किसनला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं, जसं इथं लिहिलं तसं. तो रागावेल असं वाटलं होतं. तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला. मग म्हणाला, "तात्या, ती नक्कल आमीबी करायचो. ल्हानपनी. आबांच्या म्होरं."

मी माजघराच्या खांबाला टेकून बसलो होतो. तेवढ्यात पाठीत ठक ठक झालं. कानाच्या आधी मणक्यात. घरातल्या सगळ्यांनी एकदम माना वर केल्या, किसननं, त्याच्या नातवानं, ओसरीवरच्या पाहुणीनंसुद्धा. किसनची बायको स्वयंपाकघरातून बोटांच्या पेरांनी खांब वाजवत होती. "च्या झालाय," किसन म्हणाला. त्या घरात कुणी कुणाला हाक मारत नाही. चहा झाला, गाडी आली, कुणी दारात उभं आहे, सगळं खांबावर कळतं. सरूवहिनींनी ते सुरू केलं होतं म्हणे. आता ज्याच्यासाठी वाजवायचं तो नाही, पण पोरांना वाटतं, माणसाला बोलवायची रीतच ही.

सगळे उठले. मला उठवेना. खांबाला पाठ लावून मी तसाच बसून राहिलो. मी आलो नाही हे आत कळलं असावं, कारण किसनच्या बायकोनं खांब पुन्हा वाजवला.