एकटीच्या घरातले पाच बार

पोंभुर्ण्याकडच्या एका ठेकेदाराने एका विधवेला फसवले आणि त्यासाठी माझे हात वापरले. एकोणीसशे पन्नासच्या दशकातली ही गोष्ट, पण ती मनातून उतरत नाही.

मी बाजारात वांगी विकणाऱ्याचा मुलगा. शिपाई म्हणून लागलो आणि ठाणेदार झालो. खोटे बोलणारा मला भाव करतानाच कळतो, असा माझा समज होता.

ठेकेदार सकाळीच ठाण्यावर आला. रानाकाठच्या त्या बाईच्या घरात पाच बंदूकवाले दरोडेखोर लपले आहेत, काल दिवेलागणीला पाच बार झाले, म्हणाला. गावच्या कोतवालानेही पाचच सांगितले. मी डायरीत नोंद केली, जमादार आणि चार शिपाई घेऊन घराला वेढा घातला. आत बाई धान कांडत होती.

"पाच जण कुठे गेले?"

"कोन पाच, साहेब? इथी मी अन् माही शेळी."

मी ओरडलो, उलटसुलट विचारले. बाई कांडतच राहिली. वैतागून कोतवालाला विचारले, बार एकाच बंदुकीचे तर नसतील?

तो हसला. "साहेब, एक बार ठासता ठासता मानूस अर्धी बिडी फुकते. हे तं एका दमात झाले."

गावाला ठासणीचीच, एका वेळी एकच बार भरता येणारी बंदूक ठाऊक. पाच बार म्हणजे पाच बंदुका. पण अंगणातली पावले घराकडे येणारी आणि घरापासून पळणारी होती. दरोडेखोर स्वतःच्याच आसऱ्यातून पळाले? माझे डोके चालेना.

तेवढ्यात जमादाराला दाराच्या आत, हातभर जागेत, पाच रिकामी पितळी काडतुसे सापडली. बाईने मुसळ ठेवले आणि धानाच्या कोठीतून एक आखूड रायफल काढली. चापाभोवतीचे कडे खाली-वर केले की रिकामे काडतूस बाहेर, नवे आत.

"नवऱ्याची हाय. तो मेला, लायसन त्याच्याच नावानं. म्हनून बोलली नाई. काल ठेकेदाराची मानसं दार तोडून राह्यली होती. आमच्या सागवानाच्या कागदावर अंगठा पाहिजे म्हनत. मी दारातूनच आभाळात बार केले. त्याइले वाटलं, घरात फौज हाय."

रायफल मी खांद्याला लावून पाहिली. दारात उभ्याने वळवता येईल इतकी लहान, आणि खांद्यावरून न उतरवता पाच बार. रानाकाठच्या एकट्या घराला मी आजही हीच सुचवीन.

पण परवाना मेलेल्या माणसाचा. पंचनामा करून ती ठाण्याच्या मालखान्यात जमा करणे भाग होते. बाईच्या नावाने अर्ज लिहिला, शिफारस जोडली, चांद्याला परवाने देणाऱ्या जिल्ह्याच्या साहेबांपुढे घासाघीस केली: निदान धान घरात येईपर्यंत तरी परवाना द्या. टेबलावर हातही आपटला. आठ दिवसांत ती माणसे परत आली. अंगठा घेतला, साग तोडला. साक्षीला कोणी उभे राहिले नाही. बाई वडशाला भावाकडे गेली. घरात एकच बंदूक आहे हे ठेकेदाराला आधीच माहीत होते का, हे मला आजही उमगलेले नाही. तेव्हापासून कोणतेही हत्यार जप्त करण्याआधी मी पाहत असे, याने कोण खूश होणार.

अर्ज नंतर परत आला. शेरा होता: "शस्त्र जुन्या पद्धतीचे, गृहरक्षणास निरुपयोगी. नामंजूर."

शेरा लिहिणारे साहेब हयात असतील, तर त्यांनी सांगावे. ते कडे तुम्ही एकदा तरी ओढून पाहिले होते का? आणि रायफल माझ्या मालखान्यात असताना त्या दारात उभे राहायला तुम्ही कोणाला पाठवले होते? मला उत्तर पाहिजे.