पल्याडची गोधडी

माझा आवाज मोठा आहे. सुना म्हणतात, आई फोनवर बोलतात की दवंडी देतात! काय सांगू त्यांना? शहरात, राजापेठेतल्या माहेरी मी जरा मोठ्याने हसले तरी वडील चष्म्यावरून बघायचे. हा आवाज मला नदीने दिला.

लग्न होऊन मी तेल्हाऱ्याकडच्या एका खेड्यात आले, ते साठ सालाच्या आगेमागे. नवरा शाळामास्तर. भला माणूस, पण दिवसभर पोरांपुढे बोलून घरी आला की माझ्या वाट्याला हूं किंवा ऊंहूं. अंगणात विहीर होती, पण तो सगळा खारपाणपट्टा. विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नसे आणि साबणाला फेस म्हणून येत नसे. गोडं पाणी नदीचं. म्हणून मी रोज बोचकं घेऊन नदीवर जायची. तिथेही आमच्या काठच्या बायका 'मास्तरीणबाई आल्या' म्हणत बाजूला सरायच्या, चांगला धोंडा मला द्यायच्या आणि मग माझ्याशी कुणी बोलायचंच नाही. जळो तो आदर!

बोलली ती पलीकडच्या काठावरची. पलीकडच्या गावची, शेतकऱ्याघरची, माझ्याच वयाची.

"काय वं मास्तरीण, रोज एवढे कपडे कायचे धुते? घरात तं दोनच माणसं!" ती पाण्यावरून ओरडली.

चोरी पकडली गेली. धुतलेलेच कपडे मी पुन्हा आणत होते. मी हसत सुटले, आणि तेव्हापासून ती तिच्या धोंड्यावर, मी माझ्या, असं आमचं ओरडून बोलणं सुरू झालं. मधे कमरेएवढं पाणी, तळाशी गाळ. मास्तराच्या बायकोने लुगडं खोचून त्यात उतरायची सोय नव्हती. नाव तिने विचारलं नाही, मीही नाही. माझ्यासाठी ती पल्याडची. एकदा तिची गोधडी आपटताना फाटली. दुसऱ्या दिवशी मी चोळीचं पिवळं कापड दगडाला बांधून तिच्याकडे भिरकावलं.

"डोस्कं फोडतं काय माह्यं?" ती म्हणाली. पुढच्या खेपेला पिवळं ठिगळ लावलेली गोधडी तिने दोन्ही हातांनी पसरून मला दाखवली.

पहिल्या वर्षी नदी होळीपर्यंत वाहिली. दुसऱ्या वर्षी संक्रांतीला तिची धार तुटली. तिसऱ्या वर्षी दिवाळीचे फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आत नुसती डबकी उरली. पाऊस पडलाच नाही असं नव्हतं. पण म्हातारी माणसं सांगायची ती दिवसचे दिवस लागणारी झड लागलीच नाही. एकदाच कोसळला, नदी गढूळ होऊन काठ खाऊन गेली, आणि पाणी जमिनीत मुरायच्या आत निघूनही गेलं. हवामान बदललं, असं हल्ली पेपरात वाचते. तेव्हा आम्ही एवढंच म्हणायचो, यंदा लवकर आटली.

मग पात्रातल्या वाळूत झिरे खणले. आमच्या गावाचा झिरा शाळेमागे, त्यांचा वळणापलीकडे. त्यातलं वाटीवाटीने भरलेलं पाणी पिण्यापुरतं. धुणी घरोघर खाऱ्या पाण्यात. धोंड्यावर कुणी येईना. मी रिकाम्या घरात तव्याशी भांडायला लागले. नवऱ्याने विचारलं, कुणाशी बोलतेस? म्हटलं, तुमच्याशी नाही.

एका दुपारी मी उठले आणि सरळ कोरड्या पात्रात उतरले. पाणी होतं तोवर जे अंतर ओलांडता येत नव्हतं, ते चपलाही न भिजवता ओलांडलं. त्या गावात गेल्यावर मात्र पंचाईत. विचारू कुणाला? नाव ठाऊक नाही, नवऱ्याचं नाव ठाऊक नाही. पण तिचं धुणं मला तोंडपाठ होतं. घराघरांच्या दोऱ्या बघत फिरले. शेवटच्या आळीत एका कुडावर पिवळं ठिगळ दिसलं.

ती दारात आली आणि तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मागे सासू बसलेली.

"या ना बाई, बसा," ती हळू आवाजात म्हणाली. मला 'तुमी' म्हणाली! चहा झाला. तुमच्या गावाकडं कपाशी कशी, मास्तर बरे आहेत ना, सगळं सासूने विचारलं.

"आमच्याकडं करमते ना तुमाले?" तिने जमिनीकडे बघत विचारलं.

"करमतं की," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते त्या घरात?

निरोप घेऊन निघाले. एवढं धुंडाळून गेले आणि जवळ बसून तिच्याशी परक्यासारखी बोलून आले, याचं मला रडू येत होतं. पात्र ओलांडून मी आमच्या काठावर चढले, सवयीने माझ्या धोंड्याशी थांबले आणि वळून पाहिलं. रिकामी कळशी कडेवर घेऊन ती तिच्या धोंड्यावर उभी होती. डोक्यावरचा पदर मागे सरकला होता.

"करमत नाही गं मला!" मी मधल्या वाळूवरून ओरडले. "मुळीच करमत नाही!"

तिने कळशी खाली ठेवली, दोन्ही हात तोंडाशी धरले.

"मले बी नाही करमत वं मास्तरीण!" ती ओरडली. "उद्या ये! धुणं नसलं तरी ये!"