पाहुणीचं ताट

तात्या पहिल्यांदा बोलले तेव्हा मी त्यांचा रक्तदाब मोजत होते आणि पट्टा दंडाला गुंडाळूनही सैल पडत होता. अंथुर्ण्याच्या अलीकडची ती वस्ती. चहूबाजूंनी ऊस, गोठ्यात जर्सी गाई, नवा बंगला आणि बंगल्याच्या मागे पत्र्याची खोली. तात्या त्या खोलीत. आमची संस्था गावोगावच्या वृद्धांची विचारपूस करते, तेवढ्याच कामासाठी मी गेले होते.

"जेवण जातंय का, तात्या?"

"जायला काय झालंय," ते म्हणाले. "आधी यायला पायजे."

मग हळूहळू सांगितलं. सकाळी कपभर चहा आणि रात्री अर्धी भाकरी, तीही नातीने ओढणीआड आणली तर. मी काही म्हणायच्या आत त्यांनी माझं मनगट धरलं. "हे हितंच ऱ्हाऊ द्या. नातीची सोयरीक जमतीया. म्हाताऱ्याला उपाशी ठेवणाऱ्या घरातली पोरगी कोण करंल? लगीन होऊ द्या, मग काय बोंबलायचं ते बोंबला."

मी शब्द दिला.

सून दुष्ट नव्हती, हे लिहिणं भाग आहे. तात्यांना कपड्यातच व्हायचं आणि ते तिला एकटीला धुवायला लागायचं. "खाल्लं की मलाच निस्तरावं लागतं," ती गोठा झाडता झाडता म्हणाली, जणू गाईच्या चाऱ्याचं बोलावं तसं. मी मोठ्या माणसांचे डायपर सुचवले. "मेडिकलवाला आमच्या भावकीतला हाय," ती म्हणाली. मी बारामतीहून काळ्या पिशवीत आणून दिले. "आन टाकायचं कुठं? उसात? तोडीला टोळी आली की गावाला परदर्शन." पाकीट न फोडता माळ्यावर गेलं. मुलगा दूध संस्थेचा चेअरमन. वडिलांविषयी त्याच्याकडे भाषण होतं, वेळ नव्हता.

एकदा मला निघायला दुपार झाली. चेअरमन अंगणातच होता. "जेवल्याबिगर जायचं न्हाई, मॅडम." या भागात भर दुपारी पाहुण्याला तसंच पाठवत नाहीत, आणि घरातलं वडील माणूस असताना पाहुण्याने एकट्याने जेवणंही बरं दिसत नाही. मी म्हटलं, "तात्यांच्या पंगतीला बसते." सुनेचा हात क्षणभर थबकला. मग दोन ताटं आली. पिठलं, भाकरी, कांदा. तात्या मान खाली घालून जेवले, आणि चेअरमनसाहेबांनी आम्हा दोघांनाही आग्रह करकरून वाढलं.

त्यानंतर मी वेळ साधूनच जाऊ लागले. गुपित शाबूत राहत होतं आणि माणूस जेवत होता. माझी अब्रू मात्र गेली. "मॅडमची तपासनी तव्यावर भाकरी पडली की सुरू हुती," शेजारची म्हातारी भर रस्त्यात म्हणाली. "आमच्याबी घरी म्हातारं हाय म्हनावं. कालवन बरं आसतं आमचं."

त्याच सुमारास बारामतीत आमची कार्यशाळा झाली. विषय गोपनीयता आणि सेवेतलं कर्तव्य. सकाळ शाल-श्रीफळात गेली. ज्यांचा सत्कार झाला त्यांनी, ज्यांचा राहिला त्यांची क्षमा मागितली. मी उठून विचारलं, उपाशी माणसाने कुणाला सांगू नका म्हणून शब्द घेतला असेल तर काय करायचं? "अतिशय सुंदर प्रश्न," व्याख्याते म्हणाले आणि जेवणाची सुट्टी जाहीर केली. गुलाबजाम होते. जेवणानंतर नियमावली वाचून दाखवली. लाभार्थ्याच्या घरी जेवू नये, असं तिच्यात स्पष्ट लिहिलं होतं.

मी जेवत राहिले.

लग्न इंदापूरला कार्यालयात झालं. तात्यांना फेटा बांधून पुढच्या सोफ्यावर बसवलं होतं. एकेका मान्यवराचे आशीर्वाद माइकवरून चालले होते आणि मुहूर्त ताटकळत होता. एकाने तर वडीलधाऱ्यांचा मान राखणारं घराणं म्हणून चेअरमनची पाठ थोपटली. तात्यांच्या मुठीत अक्षता होत्या. मी बघत होते. त्यांनी हळूच मूठ तोंडाशी नेली आणि ते कच्चे, रंगीत तांदूळ चावायला सुरुवात केली.

लग्नानंतर मी जाऊन विचारलं, "आता बोलू का?"

"आता नांदू द्या तिला. सासू लगीच टोमणं मारंल." लग्नापर्यंतचं गुपित असं पुढे ढकललं गेलं. ओढणीआडची भाकरी मात्र सुप्याला सासरी गेली होती, आणि माझ्या एकटीच्या फेऱ्यांवर माणूस जगणारा नव्हता. तात्यांना अंथरुणातून उठता येईना, तेव्हा मी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना सगळं सांगितलं आणि रुग्णवाहिका बोलावली.

वॉर्डात तात्या जेवले, पोटभर. डॉक्टरांनी चेअरमनला बाहेर थांबवून त्यांना विचारलं. तात्या भिंतीकडे बघत म्हणाले, "घरी समदं मिळतं. मॅडमचा कायतरी गैरसमज झालाय." डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "पेशंट शुद्धीत आहे हो. तो नाही म्हणतो, तर मी काय लिहू?" चेअरमनने वडिलांना हाताला धरून गाडीत बसवलं. गाडीतून तात्या मला म्हणाले, "शबूद मोडलात, बाई."

काही दिवसांनी नातीचा फोन आला. आवाज दबका, मागे सासरच्या घरातली भांडी वाजत होती. "आजोबा जेवत्यात का, मॅडम?"

"बघून सांगते," मी म्हटलं.

नेहमीच्या वेळेला गेले. सून फाटकाशी आली. फाटक तिने उघडलं नाही. "बसा म्हनलं आसतं," ती म्हणाली, "पर अजून सैपाक व्हायचाय." हाताला भाकरीचं पीठ होतं आणि घरातून कालवणाच्या फोडणीचा वास येत होता. मागच्या खोलीतून खोकला ऐकू आला. पुढच्या खेपेलाही स्वयंपाक व्हायचाच होता, त्याच्या पुढच्याही.

संध्याकाळी नातीला फोन केला. तिच्याजवळ कुणीतरी बसलेलं असावं, ती नुसती "हं" म्हणाली.

"घरी सगळं मिळतं त्यांना," मी सांगितलं.