कथलाचा प्याला

"बोल, 'मी खोटं बोलले, देवानं मला क्षमा करावी.'" पाळकसाहेब म्हणाले.

सगळ्या मंडळीसमोर मला उभं केलं होतं. पुढं बाकांवर वरच्या जातींतून ख्रिस्ती झालेली घरं. मागं चटईवर आम्ही. आम्हीही ख्रिस्तीच, पण महारवाड्यातून आलेले. मी तेव्हा पंधराची असेन.

माझा गुन्हा सांगते. मिरजेजवळच्या आमच्या लहानशा देवळात प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस वाटून घेताना, दोन प्याले असत. चांदीचा पुढच्या बाकांना, कथलाचा आम्हाला. बाप देवळाची घंटा वाजवायचा, आई झाडलोट करायची, म्हणून आवारात राहायला एक खोली मिळाली होती. कथलाचा प्याला आई घासायची. चांदीचा पाळकबाई स्वतः घासायच्या, आईला त्याला हात लावू देत नसत. आणि दर रविवारी शब्बाथशाळेत याच पाळकबाई आम्हाला खरेपणा शिकवायच्या. शाई सांडली तरी कबूल करा म्हणायच्या. ते माझ्या अंगी बाणलं. हे फक्त शिकवायचं असतं, पाळायचं नसतं, असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

लढाईच्या दिवसांत एक पाहुण्या मडमसाहेब आल्या. चांदीचा प्याला हातात घेऊन त्यांनी मोडक्या मराठीत विचारलं, "तुम्ही सगळे यातूनच घेता ना?"

"हो, सगळे," पाळकबाई म्हणाल्या.

मडमसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्याच वर्षी मला प्रभुभोजनात घेतलं होतं. मी म्हणाले, "आमचा निराळा आहे. कपाटात ठेवलाय."

एवढंच. मडमसाहेब गेल्या आणि पुढच्या रविवारी मी उभी.

"खोट्या साक्षीची आज्ञा म्हण," पाळकसाहेब म्हणाले. 'आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको,' मी घडाघडा म्हटली. "आता कबुली दे."

चटईवरून आई कुजबुजली, "म्हण की गं. खोली जाईल. जायाचं कुटं आपुन?"

आईचं चूक नव्हतं. महारवाड्यात आम्ही बाटलेले, इथं आम्ही महार. बाप घंटेच्या दोराजवळ मान खाली घालून उभा होता. शब्द तोंडाशी आलेही होते.

तेवढ्यात समोरच्या मेजावर दोन्ही प्याले दिसले. त्या दिवशी प्रभुभोजन होतं. मी म्हणाले, "चांदीच्या प्याल्यातून मला आत्ता द्या. मग मी खोटी ठरेन. मग कबूल करते."

पाळकसाहेबांचा हात चटकन चांदीच्या प्याल्यावर गेला. झाकण ठेवावं तसा. साऱ्या देवळानं ते पाहिलं.

खोली गेली. मिरज स्टेशनच्या मालधक्क्यामागं बांबूच्या तट्ट्याच्या खोपटात आम्ही राहू लागलो. बाप हमाली करू लागला. आई किती तरी दिवस माझ्याशी बोलली नाही. मग एकदा भाकरी थापताना म्हणाली, "खरंच बोललीस. पर लय म्हाग पडलं."

पुढं पाळकसाहेबांचा निरोप आला. पोरीनं चूक मान्य करावी, खोली परत देतो. बापानं माझ्याकडे पाहिलं. खोपट गळत होतं, आई खोकत होती. मी नाही म्हणाले.

येशूला मी सोडलेलं नाही. पण कथलाचा प्याला पुन्हा ओठाला लावणार नाही. आणि तो कपाटात आहे, हे विचारील त्याला सांगेन. नाही विचारलं तरी सांगेन.