अक्काची दाढ आणि माझी तपासणी

आमच्या गल्लीत मी दातांची पेशंट म्हणून प्रसिद्ध आहे. पारोळ्याहून एसटीने धुळ्याला जाते ती दात दाखवायला, असं सगळ्यांनी धरून ठेवलंय. खरं म्हणजे मी एचआयव्हीच्या गोळ्या आणायला जाते. जळगावलाही मिळाल्या असत्या, पण तिथे दवाखान्याच्या दारातच माहेरचं कुणीतरी भेटलं असतं. गोळ्यांची डबी खुळखुळते म्हणून तिच्यात कापूस कोंबते. कुणी विचारलंच, तर हिरड्यांची गोळी.

या थापेने माझे फार हाल केले. पंगतीत मला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी चावावी लागेल म्हणून कुणी वाढत नाही, दुधात कुस्करलेलं काहीतरी पुढे येतं. आणि हसले की बायका वाकून बघतात.

"बत्तीसच्या बत्तीस दिसतात की हो."

"डॉक्टर चांगला आहे," मी म्हणायची. तिथेच फसले. माझ्या थोरल्या नणंदेची, अक्काची, दाढ ठणकायला लागली आणि तिने माझाच डॉक्टर हवा म्हणून हट्ट धरला.

तोही नेमका त्या दिवशी. गोळ्यांच्या केंद्रातल्या समुपदेशक ताईंनी मला गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून घ्यायला बजावलं होतं. एचपीव्ही म्हणून एक विषाणू असतो, पुष्कळ बायकांना होतो आणि बहुतेकींचा आपोआप जातो. पण एचआयव्ही असलेल्या बाईच्या अंगात तो मुक्कामी पाहुण्यासारखा रेंगाळतो आणि पुढे कॅन्सर करू शकतो, असं त्या म्हणाल्या होत्या. मी भीतीने दोनदा टाळलं होतं. तिसऱ्यांदा टाळायचं नाही असं ठरवलं, तर बरोबर अक्का.

धुळ्याच्या दवाखान्यात तिला बाकावर बसवलं, "इथंच थांब, दातवाल्यांचा नंबर लावून येते" म्हटलं आणि तपासणीच्या खोलीत शिरले. अक्का कसली थांबते. मी चप्पल काढेपर्यंत ती मागून आली, टेबल दिसताच त्यावर चढली, आडवी झाली आणि आऽ वासला.

सिस्टर बघत राहिल्या. "आजी, तोंड मिटा. इथं दात नाही बघत."

"मंग काय दखतस?" अक्का म्हणाली आणि पुन्हा आऽ केला.

सिस्टर माझ्याकडे वळल्या. "तपासणी नक्की कुणाची?"

"चुकून आलो" म्हणून अक्काला ओढत बाहेर नेता आलं असतं. म्हणजे तपासणी तिसऱ्यांदा बुडाली असती. "माझी," मी म्हणाले. "मी एचआयव्हीच्या गोळ्या घेते."

अक्काचं तोंड उघडंच राहिलं. मग ती खाली उतरली, माझी पिशवी घेतली आणि बाहेर जाऊन बसली.

सिस्टरांनी व्हिनेगरचा बोळा लावला. थोडा भाग पांढरा दिसला, म्हणजे तिथे बिघाड सुरू झाला होता. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी तो तिथल्या तिथे शेकून टाकला. कॅन्सर नाही, होऊ नये म्हणून केलंय, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा, म्हणाल्या. मग अक्काची दाढ काढायला नेलं. परतीच्या गाडीत तिच्या गालात कापूस, माझ्याही कुठेतरी कापूस, आणि गोळ्यांच्या डबीत होताच.

"तासभर बोलायचं नाही" असं दातवाल्यांनी अक्काला सांगितलं होतं. जन्मात पहिल्यांदा ती गप्प होती, म्हणून मी बोलले. तिचा भाऊ, म्हणजे माझा नवरा, काविळीने गेला हे मीच रचलेलं होतं, हेही सांगितलं. त्यालाही हेच होतं आणि तो गोळ्यांपर्यंत पोचलाच नाही. अक्काने खिडकीकडे तोंड फिरवलं. वाटेतलं मुकटी गाव मागे पडलं तरी ती वळली नाही. पिशवी मात्र मांडीवर घट्ट धरून बसली होती.

पारोळ्याच्या स्टँडवर तिने कापूस काढून फेकला. आता शिव्या पडणार म्हणून मी उभी राहिले.

"तुले परत कवय बलायेल शे?"

"सहा महिन्यांनी."

तिने जिभेने आतून गाल चाचपला. "मनी दुसरी दाढ बी हालस. मंग ती तोपावत काढत नही."