बेटावरची बायको

ऑफिसात त्याला सगळे 'दर्यावर्दी' म्हणत. माणूस काम करायचा सहलींच्या बुकिंग ऑफिसात, तिसऱ्या टेबलावर, खिडकीपासून सगळ्यांत लांब. समुद्र त्याने उभ्या आयुष्यात दोनदा पाहिला होता, तोही बसच्या काचेतून, आणि दुसऱ्या वेळी तर काचेवर धूळच होती. पाण्याशी त्याचा संबंध अंघोळीपुरता. तरीही एका ठरावीक बेटावरच्या एका ठरावीक रिसॉर्टबद्दल तो बोलायला लागला की समोरचं गिऱ्हाईक खुर्चीतल्या खुर्चीत चपला काढून बसायचं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण आपल्याचसाठी केलेली आहे हे त्याला स्वतःलाही मान्य होतं.

सुरुवात अगदी साधी झाली. एकोणीस वर्षांपूर्वी एक नवं जोडपं समोर बसलं होतं. तास उलटला तरी त्यांचं 'जावं की न जावं' संपेना. शेवटी त्यातल्या मुलीने विचारलं, "तुम्ही स्वतः गेलायत का हो तिथे?" उचलली जीभ लावली टाळ्याला. "म्हणजे काय, मागच्याच वर्षी," तो म्हणाला, आणि पाच मिनिटांत बुकिंग झालं.

आता थाप एकदा मारली की तिला पोसावं लागतं. पुढच्या गिऱ्हाइकाने विचारलं, एकटेच गेला होतात? एकटा बाप्या बेटावर जाऊन काय माशा मारणार, म्हणून त्याने बायकोला बरोबर नेलं. नेलं तर तिला काहीतरी करायला हवं, म्हणून पोहायला लावलं. मग दर सीझनला तो तिच्यात भर घालत गेला. ती पहाटे उठून धक्क्याच्या टोकाला पाण्यात पाय सोडून बसायची. खेकड्यांच्या मागे धावायची. होडीवाल्याच्या हातातून वल्हं काढून घ्यायची आणि होडी वाकडी गेली की मोठ्याने हसायची. गिऱ्हाइकं बेटापेक्षा तिच्यावर जास्त भाळत. "तुमच्या मिसेसना आवडते ना, तीच झोपडी द्या," असं म्हणणारे महाभागही होते.

खरी मिसेस रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला होती. सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत लोकांच्या दंडाला रबरी पट्टा बांधायचा, शीर शोधायची, "मुंगी चावल्यासारखं वाटेल" म्हणायचं आणि सुई टोचायची. पाण्याची तिला भारी धास्ती. तळ्याकाठी फिरायला गेलं तर ती पाण्यापासून लांबच्या बाजूने चालायची आणि सगळ्यांनाच तिकडे ओढायची. कुठेही जायचं म्हटलं की जिना उतरून दोनदा परत वर, गॅस बंद केला की नाही बघायला. नवऱ्याच्या ऑफिसात आपल्या नावाची दुसरीच एक बायको दरवर्षी बेटावर जाते, याची तिला कल्पनाच नव्हती.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना त्या रिसॉर्टचंच पत्र आलं. इतकी वर्षं इतके पाहुणे पाठवलेत, तर आता तुम्हीच सहकुटुंब चार दिवस या, राहणं-जेवण आमच्याकडून. मॅनेजरने ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. शेजारच्या टेबलावरच्या व्हिसावाल्या बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "चला दर्यावर्दी, एकदा खरंच जाऊन या." त्याने हसण्यावारी नेलं, पण कान गरम झाले.

घरी मात्र त्याचा भाव वधारला. जेवणाच्या टेबलावर नववीतल्या मुलीने कागद पसरला आणि चार दिवसांचा बेत आखायला घेतला. त्याची आई लेकाला चिकटून बसली. आणि दर्यावर्दी सुटला.

"तीन नंबरच्या झोपडीत दुपारभर ऊन. आठ नंबरला स्वयंपाकघराची खडखड. पाच नंबरचा पंखा आवाज करतो. अकरा नंबर घ्यायची. तिथे दोनच पायऱ्या आहेत, आईला सोपं. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की गुडघाही भिजत नाही. आणि रबरी चप्पल हवी, पोवळ्याने पाय कापतात."

बायको हातातलं ताट तसंच धरून बघत राहिली. "अहो, तुम्हाला कोपऱ्यावरचं दुकान सापडत नाही. हे सगळं कसं माहीत?"

"धंदाच आहे आपला," तो म्हणाला. खरं म्हणजे ही सगळी एकोणीस वर्षांच्या तक्रारींची पुण्याई होती. पंख्याबद्दल एक गृहस्थ त्याच्यावर असा ओरडला होता की तो पंखा त्याने कधी न बघताही ओळखला असता.

आईने विचारलं, उशी मऊ असते की कडक. मुलीने विचारलं, मासे पायाला लागतात का. त्याच्याकडे सगळ्याची उत्तरं होती. बायकोने काहीच विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तो घरी आला तेव्हा ती कपाटाच्या आरशासमोर उभी होती, डोक्यावर मोठ्या काठाची गवती टोपी. त्याला बघताच तिने टोपी काढून पलंगावर टाकली आणि म्हणाली, "मुलीसाठी आणलीय." टोपी मुलीच्या नाकापर्यंत आली असती. फार गोड वाटलं त्याला, आणि लगेच धास्तीही वाटली. कारण रिसॉर्टचा फॉर्म शुक्रवारपर्यंत भरायचा होता, आणि बायको म्हणत होती की झोपडी मी ऑफिसात येऊन निवडणार.

"फोटो मी घरी आणतो ना. तू कशाला उन्हातान्हाची येतेस?"

"मला त्या खुर्चीत बसायचंय," ती म्हणाली. "तुमच्यासमोर. गिऱ्हाईक म्हणून."



गुरुवारी अडीच वाजता ती आली. लॅबमधून थेट, हाताला स्पिरिटचा वास. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत नीट बसली, पर्स मांडीवर घेतली, आणि त्याने फोटोंचा जाडजूड अल्बम तिच्यापुढे उघडला. दहा मिनिटं कशी सुखात गेली. ती एकेका झोपडीवर बोट ठेवून विचारत होती, तो सांगत होता, व्हिसावाल्या बाई सगळं ऐकून न ऐकल्यासारखं करत होत्या. जरा लवकर उरकलं तर आपण सुटलो, असा हिशेब तो मनात करत होता. तेवढ्यात दारातून मुख्याध्यापिका बाई आत आल्या.

या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, त्याच्या जुन्या गिऱ्हाईक. दोनदा त्या बेटावर जाऊन आलेल्या, तिसऱ्यांदा जायचं म्हणून चौकशीला आलेल्या. त्यांनी टेबलापाशी येऊन खुर्चीतल्या बाईकडे बघितलं, मग अल्बमकडे, मग त्याच्याकडे.

"या तुमच्या मिसेस का?"

नाही म्हणावं तर पंचाईत, हो म्हणावं तर मरण. त्याने मान कुठल्या दिशेला हलवली ते त्यालाही कळलं नाही.

"अहो, तुम्हाला भेटायची मला किती इच्छा होती," बाईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. "मी साठी ओलांडली तरी आयुष्यात पाण्यात पाय घातला नव्हता हो. भीती. पण साहेब म्हणाले, आमची ही धक्क्याच्या टोकाला पहाटे पाय सोडून बसते. म्हटलं, त्या बसतात तर आपल्याला काय धाड भरलीय? आणि बसले. तुमच्यामुळे बसले. यंदाही जाताय ना? किती, विसावी वेळ ना ही?"

दर्यावर्दीने एकोणीस वर्षं गलबत हाकलं आणि बुडायला जागा कुठली, तर स्वतःचंच टेबल. बायकोने त्याच्याकडे बघितलं. रक्ताची एक नळी भरायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ती बघत होती. मग बाईंकडे वळून शांतपणे म्हणाली, "हो. सुरुवातीला पाय गार पडतात. मग बरं वाटतं."

"अगदी, अगदी," बाई म्हणाल्या, आणि खूश होऊन व्हिसावाल्या बाईंच्या टेबलाकडे गेल्या.

बायकोने अल्बम मिटला, फॉर्म घडी घालून पर्समध्ये टाकला आणि उठली. जाताना एवढंच म्हणाली, "अकरा नंबरच ना?"

संध्याकाळी ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तो दाराशी उभा राहिला. आत यायची हिंमत नव्हती आणि बाहेर जायचीही नव्हती.

"काय काय करते ती?" तिने मान वर न करता विचारलं.

"कोण?"

"सोंग नका करू."

त्याने सांगायला सुरुवात केली. पाय सोडून बसते. पोहते. खेकड्यांच्या मागे धावते. वल्हं मारते. मोठ्याने हसते. सांगता सांगता त्याला इतकी लाज वाटत होती की बोलताना तो मोज्यांच्या ढिगाकडे बघत होता.

"पोहायला कधी शिकली?"

"पहिल्याच सीझनला."

"आणि गॅस?"

"ती," तो अडखळला, "ती गॅसचं काही विचारत नाही."

तिने एक मोजा हातात घेतला आणि त्याचा जोडीदार शोधत बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, त्याला ओरडून घ्यायची सवय होती. शेवटी त्यानेच तोंड उघडलं आणि नेहमीप्रमाणे चुकीचं उघडलं.

"अगं, धंद्यासाठी बोलावं लागतं. तू नाही का म्हणत, मुंगी चावल्यासारखं वाटेल म्हणून?"

"म्हणते. पण शिकताना मी आधी स्वतःच्या हाताला टोचून घेतलंय." मग ती थांबली, मोजा खाली ठेवला. "मला थापेचा राग नाही. तुम्ही थापाडे आहात हे मला साखरपुड्यापासून माहीत आहे. पण एकोणीस वर्षं तुम्ही तिला दरवर्षी नेलंत. मला एकदा तरी विचारलंत का, तुला कुठे जायचंय का म्हणून?"

त्याने आठवून बघितलं. खरंच आठवून बघितलं. गिऱ्हाइकांना तो दिवसातून वीसदा विचारायचा, कुठे जायचंय, कधी जायचंय, खिडकी हवी का. घरी कधी नाही. ती कुठेतरी जाऊ इच्छित असेल असं त्याच्या मनातच आलं नव्हतं. तिची सगळी हौस त्याने दुसरीलाच देऊन टाकली होती. गाढवा, तो मनात म्हणाला, आणि तेवढ्याने काही भागत नव्हतं हेही त्याला कळलं.

सकाळी भरलेला फॉर्म टेबलावर होता. नळ्यांवरच्या चिठ्ठ्यांवर असतं तसं तिचं बारीक, स्वच्छ अक्षर. झोपडी, अकरा. येणारे पाहुणे: सासूबाई, ती स्वतः, मुलगी. खाली चौथी ओळ कोरी.

"आणि मी?"

"तुम्ही एकोणीस वेळा जाऊन आलात," ती चपला घालता घालता म्हणाली. "कंटाळा आला असेल." आणि गॅस न बघता जिना उतरून गेली.

आईकडे आशेने बघितलं तर आई म्हणाली, "खोट्याच्या कपाळी गोटा. मी बापडी काय बोलणार?" आणि तिने आपल्या औषधांची पिशवी कशी भरायची हा विषय काढला.

फॉर्म पाठवायचा कुणी? त्यानेच. ऑफिसात बसून त्याने तिन्ही नावं कॉम्प्युटरवर चढवली. चौथ्या ओळीत आपलं नाव टाइप केलं. कोण विचारणार होतं? पत्र त्याच्या नावाने, बुकिंग त्याच्या हातचं. त्याने नाव खोडलं. पुन्हा टाइप केलं, पुन्हा खोडलं. समोर एक नवरा-बायको बसले होते, त्यांना तो अर्ध्या तासापासून त्याच बेटाचं सांगत होता. सवयीने 'आम्ही दरवर्षी' असं दोनदा बोलूनही झालं होतं. ते दोघं आपसांत कुजबुजत होते, झोपडी ठरत आली होती. "एक मिनिट हं," असं त्यांना म्हणून त्याने लॅबमध्ये फोन लावला.

"बोला लवकर, रांग आहे," बायको म्हणाली.

"मी काय म्हणतो," त्याने आवाज खाली आणला. "मी येऊ का तुमच्याबरोबर?"

पलीकडे कुणीतरी खोकत होतं. मग ती पेशंटला विचारते त्याच सुरात म्हणाली, "पोहता येतं?"

"नाही."

"पाण्याची भीती?"

"आहे. तुझ्याइतकी नसेल, पण आहे."

"याआधी तिथे गेलायत कधी?"

समोरचे नवरा-बायको कुजबुजायचे थांबले होते. व्हिसावाल्या बाईंनी चष्मा काढला होता. मॅनेजर केबिनच्या दारात चहा घेऊन उभा होता. त्याने तोंडावर हात धरला आणि हळूच म्हणाला, "नाही."

"ऐकू येत नाही. इथे गडबड आहे."

"नाही गेलो," तो जरा मोठ्याने म्हणाला.

"किती वेळा?"

"एकदाही नाही," दर्यावर्दी म्हणाला, आणि या वेळी सगळ्या ऑफिसने ऐकलं. समोरच्या बाईने अल्बम हळूच मिटून त्याच्याकडे सरकवला. "मी त्या बेटावर कधीच गेलेलो नाही. मी कुठेच गेलेलो नाही."

"मग चला," ती म्हणाली, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.